आठ लायनींचा ट्रे आणि चहाची खिडकी

समजा, तुमच्यासमोर एक लाकडी ट्रे आहे. पाऊण मीटर लांब, पाव मीटर रुंद. त्यावर तुम्हाला आठ छोट्या लायनी शेजारी शेजारी बसवायच्या आहेत. छोट्या म्हणजे किती? दोन रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. मालगाडीचा एक डबा तुमच्या अंगठ्याएवढा. प्रत्येक लाइनीवर एकेक गाडी उभी आहे. बोगद्यातून मात्र एकच लाइन येते आणि ट्रेच्या कडेला थांबते. आता जी गाडी बाहेर सोडायची, तिची लाइन त्या एकुलत्या एक लाइनीसमोर यावी म्हणून तुम्ही ट्रे आडवा सरकवायचा, टेबलाचा खण सरकवतो तसा. पाच नंबर हवी? सरकवा. आठ नंबर? अजून सरकवा. रुळाला रूळ असा भिडला पाहिजे की वरून नख फिरवलं तर नखाला सांधा कळू नये.

सगळं मोजलंत? पुन्हा एकदा मोजलंत? मग सांगा, तो ट्रे सरकणार कुठे?

हा शेवटचा प्रश्न क्लेम टॅटर्सलला अकरा महिन्यांनी सुचला.

क्लेम मूर्ख नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याने आयुष्यभर कवळ्या बनवल्या. लँकशरमधल्या रॉसेंडेलच्या खोऱ्यात साठीच्या पुढचं कुणी हसलं की क्लेम हळूच सांगायचा, "वरची माझी. खालची बर्नलीहून करून घेतलीय, बघ कशी हलतेय." निवृत्त झाला तेव्हा त्याने दातांच्या प्रयोगशाळेतलं सगळं सामान घरी आणलं: बारीक चिमटे, कोरण्या, पॉलिशची चाकं, पोतंभर प्लास्टर आणि हिरड्यांसाठीचं गुलाबी प्लास्टिक. त्याच्या छोट्या रेल्वेतले सगळे डोंगर दाताच्या प्लास्टरचे. एका कड्याला नीट निरखून पाहिलंत तर मागच्या दोन दाढा दिसतात.

आमच्या मॉडेल रेल्वे क्लबमध्ये पंधरा-सोळा माणसं. दर गुरुवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये भेटायचं आणि दर नोव्हेंबरात तिथेच प्रदर्शन भरवायचं. क्लबमध्ये एक जुनी रीत आहे. भांडी घासायचा गुलाबी रबरी हातमोजा, आत कापूस ठासून भरलेला, आणि तो एका लाकडी ठोकळ्यावर पाच बोटं वर करून उभा. प्रदर्शनात, लोकांसमोर, ज्याचा हात गाडीला लागताना दिसेल, त्याने हा मोजा घरी न्यायचा आणि बैठकीच्या खोलीत, भिंतीतल्या शेगडीवरच्या फळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवायचा. दुसऱ्या कुणाचा हात दिसेपर्यंत.

क्लेमकडे तो सहा वर्षं होता.

सहा वर्षांपूर्वी त्याची एक लोकल फलाटावर अडकली आणि त्याने नुसतं बोट लावलं. एवढंच. पण समोर पहिली-दुसरीची पोरं उभी होती, आणि डोंगरामागून एवढा मोठा केसाळ हात आलेला बघून त्यातली एक मुलगी किंचाळली, "आई, देव आला!" पाद्रीबाबाही तिथेच होते. बाबांना हसू आवरेना.

तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात दिसला नाही. म्हणजे गाड्या अडकत नव्हत्या असं नाही. पण क्लबचा चिटणीस रेमंड ग्रिमशॉ कोटाच्या वरच्या खिशात बांबूची काडी ठेवायचा. नियमात हात लिहिलंय, काडी नाही. आणि नियम लिहिलाय कुणी? रेमंडने. काडी पोचली नाही तर तो शिंकायचा. त्याच्या शिंकेने मी बंद पडलेलं इंजिन चालू झालेलं पाहिलंय.

मोजा परत करायचा दुसरा एक मार्ग होता. प्रदर्शनात सलग अर्धा तास किमान आठ गाड्या आत-बाहेर चालवून दाखवायच्या, आणि या अर्ध्या तासात कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही. पडद्यामागेसुद्धा नाही. ही खरी मेख. पडद्यामागे आम्ही सगळे गाड्या सरळ उचलून इकडच्या तिकडे करतो, त्यामुळे ही परीक्षा आजवर कुणी दिलेली नव्हती. सरकतं यार्ड, म्हणजे सुरुवातीला सांगितला तसा ट्रे, असेल तरच ते जमणार.

"करतोच मी," क्लेम एका गुरुवारी म्हणाला.

"कर की," रेमंड म्हणाला. "घाई नाही. मोजा काही कुरकुर करत नाहीये."

"माझ्या घरात सहा वर्षं उभा आहे तो, रेमंड. ग्लेनिसने त्याचं नाव नायजेल ठेवलंय."

हे खरं होतं. ग्लेनिस म्हणजे क्लेमची बायको. नाताळात ती नायजेलला कागदी मुकुट घालायची, पाहुण्यांशी ओळख करून द्यायची. क्लेमला तेच सहन होत नव्हतं. अपमानाशी माणूस जुळवून घेतो, पण घरातलं माणूस अपमानाला वाढदिवसाचं कार्ड द्यायला लागलं की झोप उडते.

जेवणाच्या खोलीत काम सुरू झालं. ट्रे जड होणार, तो लोण्यासारखा सरकायला हवा, म्हणजे खणाला असतात तशा छर्ऱ्यांच्या पट्ट्या हव्यात. उत्तम पट्ट्या घरातच होत्या. ग्लेनिस गाण्याच्या सरावाला गेली तेव्हा क्लेमने स्वयंपाकघरातल्या काट्याचमच्यांच्या खणाच्या पट्ट्या काढल्या, खण होता तसा फळीवर टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. खण आता उघडला असता तर सरळ पायावर पडला असता.

ग्लेनिसने तो उघडलाच नाही. ती घरी आली, खणाकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने क्लेमपुढे सूपाचा वाडगा ठेवला.

"चमचा?" क्लेम म्हणाला.

"यार्डात बघ," ग्लेनिस म्हणाली. "तीन नंबरच्या लाइनीवर असेल."

तीन दिवस त्याने सूप कपाने प्यायलं. मग जाऊन नवा खण आणून बसवला. पट्ट्या मात्र परत दिल्या नाहीत.

कामात क्लेमचा हात सुरेख होता. मी बेअरिंगच्या कारखान्यात मोजमाप बघतो, त्यामुळे मापाच्या बाबतीत मी सहजासहजी कुणाची स्तुती करत नाही. त्याने प्रत्येक लाइनीच्या टोकाला पितळेची बारीक नळी बसवली होती. ट्रे जागेवर आला की त्या नळीत पितळेची कडी सरकवायची. त्या एका कडीने तीन कामं व्हायची: लाइन जुळायची, ट्रे हलायचा थांबायचा आणि रुळात वीज जायची. म्हणजे जी लाइन जुळलेली नाही त्यावरची गाडी चुकूनही सुटायची नाही. मी घड्याळी मापक लावून बघितलं. आठही ठिकाणी चूक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा कमी.

"कसं केलंस?" मी विचारलं.

"वरचा जबडा, खालचा जबडा," तो म्हणाला. "चाव जुळवायचा. चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

लाइनींच्या टोकाला त्याने आडव्या पट्ट्या लावल्या होत्या. गाडीतला एखादा डबा सुटून घरंगळला तर तो ट्रेवरून खाली पडू नये म्हणून. पट्ट्या हिरड्यांच्या गुलाबी प्लास्टिकच्या, दोन मिलिमीटर उंच. मी म्हटलं, तीन कर. तो म्हणाला, "तीन केल्या तर इंजिनाचं पोट घासेल. दोन पुरे."

सप्टेंबरातल्या एका रविवारी त्याने मला उद्घाटनाला बोलावलं. ग्लेनिसने कणकेच्या आवरणात भाजलेली बटाट्याची पाई आणि लाल कोबीचं लोणचं केलं होतं. क्लेमने टाय बांधला होता.

एक नंबरची गाडी बोगद्यातून आली आणि ट्रेवर सुळकन शिरली. क्लेमने कडी काढली, दोन नंबर समोर आणायला ट्रे ढकलला.

ठक्.

ट्रे भिंतीला टेकला होता. तो सुरुवातीपासूनच भिंतीला टेकलेला होता.

क्लेमने पुन्हा ढकललं. पुन्हा ठक्. मग त्याने वाकून ट्रे आणि भिंत यांच्यामध्ये बघितलं. मी मनातल्या मनात हिशोब केला. दोन लायनींमध्ये तीस मिलिमीटर, पहिलीपासून आठवीपर्यंत सात अंतरं, म्हणजे दोनशे दहा. ट्रेला सरकायला एकवीस सेंटिमीटर मोकळी जागा हवी होती. क्लेमने ट्रे मोजला होता, गाड्या मोजल्या होत्या, कवळीच्या मापाने नळ्या मोजल्या होत्या. सरकणं मोजायचं राहिलं होतं.

"म्हणजे," दारात उभी असलेली ग्लेनिस म्हणाली, "हे न सरकणारं सरकतं यार्ड आहे."

"ग्लेनिस, आत्ता नको."

"सगळं टेबलच भिंतीपासून पुढे ओढ की," मी म्हटलं.

आम्ही ओढलं. पण मग टेबल आणि ग्लेनिसच्या आईचं भलंमोठं कपाट यांच्यात क्लेम मावेना. त्याने श्वास आत घेतला. पोटाकडे कानाडोळा करून आधी एक पाय घालून पाहिला, मग दुसरा. शेवटी आम्ही दोघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. कपाट हलवायचा विषय मी काढला. त्यावर नवरा-बायको दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाई खायला लागलो.

बोगद्याचा डोंगर आधीच झाला होता. लाइन भिंतीच्या बाजूने येत होती, ती बदलायची तर निम्मा डोंगर फोडावा लागला असता. क्लेम खुर्चीत बसला, टाय सैल केला. उघड्या दारातून बैठकीच्या खोलीतल्या शेगडीवर नायजेल पाच बोटं पसरून उभा दिसत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघर आणि जेवणाच्या खोलीमधल्या भिंतीतली खिडकी उघडली. ताटं इकडून तिकडे द्यायची खिडकी. त्यातून ग्लेनिसचा हात आला आणि त्याने चहाचा कप ठेवला.

क्लेमने कपाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग तो उठला, खिशातून टेप काढला.

"ऐंशी," तो म्हणाला. "ट्रे पंचाहत्तर."

"काय ऐंशी?" आतून ग्लेनिस.

"ग्लेनिस, राणी, तुझ्या ओट्यावर मला एकवीस सेंटिमीटर जागा हवी. रोज थोडा वेळ."

संध्याकाळपर्यंत टेबल भिंतीलगत सरकवून ट्रे बरोबर खिडकीसमोर आणला होता, पायांखाली ठोकळे लावून उंची जुळवली होती. आठ नंबरची गाडी बोलावली की ट्रे खिडकीतून स्वयंपाकघरात जायचा आणि सात गाड्या बटाट्यांच्या टोपलीवर तरंगायच्या. ग्लेनिसला ओटा लागला की ती कमरेने ट्रेला हलकेच धक्का देऊन परत पाठवायची. कधीकधी सहा नंबरवर एक्लस केक, म्हणजे मनुका भरलेली छोटी गोल पेस्ट्री, ठेवून पाठवायची. क्लेम म्हणायचा, मालगाडीपेक्षा ही गाडी वेळेवर येते.

आता प्रश्न हॉलचा. हॉलमध्ये प्रत्येकाला भिंतीलगतची जागा पिवळ्या पट्टीने आखून दिलेली असते. पट्टीच्या पुढे एक बोटही यायचं नाही, आग लागली तर लोकांना जायला वाट हवी. आणि क्लेमने फॉर्मवर टेबलाची रुंदी लिहिली होती ती, अर्थातच, सरकणं न धरता.

गुरुवारी तो रेमंडकडे गेला. "मला चहाच्या खिडकीजवळची जागा दे."

हॉलमध्येही स्वयंपाकघराची खिडकी आहे, चांगली दोन मीटर रुंद. ती जागा कुणालाच नको असते. चहाच्या पिंपाची वाफ, सांडलेलं दूध, केकचा चुरा.

"चहाच्या खिडकीजवळ?" रेमंड म्हणाला. "रुळांवर गंज चढेल तुझ्या."

"चढू दे."

"तुझी मर्जी." रेमंडने नकाशावर नाव लिहिलं. त्याला इतका आनंद झाला होता की त्याने अक्षर नीट काढलं.

प्रदर्शनाचा शनिवार उजाडला. चहाचं काम दरवर्षीप्रमाणे ग्लेनिसकडे. खिडकीच्या अर्ध्या भागातून चहा, उरलेल्या अर्ध्यातून क्लेमचा ट्रे. मोजा क्लेमनेच पिशवीतून आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता, मुकुटासकट. दुपारी दोन वाजता परीक्षा. वेळ मी बघायची, आणि हात लागत नाही ना हे रेमंडने बघायचं.

पहिल्या दहा मिनिटांत तीन गाड्या गेल्या-आल्या. रेमंड हाताची घडी घालून उभा. पंधराव्या मिनिटाला पाच. समोर गर्दी जमली. क्लेमच्या कपाळावर घाम होता, पण त्याचे हात पाठीमागे बांधलेले. ट्रे सरकवायचा, कडी लावायची आणि हात लगेच मागे. बावीस मिनिटांना सहा. आता रेमंड घडी सोडून पायांवर झुलायला लागला होता.

"रेमंड, चहा?" खिडकीतून ग्लेनिसचा आवाज. "तुझ्यासाठी पार्किनचा कोपऱ्यातला तुकडा ठेवलाय. चिकट आहे, तुला आवडतो तसा."

"नंतर घेतो."

"नंतर उरणार नाही बघ."

पार्किनचा, म्हणजे आलं घातलेल्या काकवीच्या केकचा, कोपऱ्यातला तुकडा ही काय चीज असते ते नोव्हेंबरात लँकशरमध्ये राहणाऱ्यालाच कळेल. रेमंड दोन पावलं बाजूला सरकला. खिडकीशी उभं राहूनही त्याला ट्रे दिसतच होता, किंबहुना जास्त चांगला दिसत होता. एका हातात बशी आली. दुसऱ्या हाताने त्याने खिशातली काडी काढली आणि तुकड्यात टोचली, बोटं चिकट होऊ नयेत म्हणून.

सव्विसाव्या मिनिटाला सात नंबर परत आली. राहिली आठ. क्लेमने कडी काढली आणि ट्रे पूर्ण आत ढकलायला लागला. ट्रे खिडकीतून स्वयंपाकघरात शिरला. तो जागेवर पोचायच्या बेतात असताना गचका बसला. मी क्लेमकडे बघत होतो, ट्रेच्या मुठीवरचा त्याचा हात स्थिर होता. ट्रे तिरका झाला, आणि तीन नंबरच्या मालगाडीच्या शेवटी गार्डचा जो छोटा डबा होता, तो सुटला आणि टोकाकडे निघाला.

खाली दुधाचा जग होता.

डबा आरामात चालला होता. शिवणाच्या यंत्राचं रीळ घरंगळावं तसा. पुढची चाकं गुलाबी पट्टीला लागली. डबा पट्टीवर चढला की अडला, हे सांगायला एक क्षण आणखी हवा होता.

तो क्षण कुणाला मिळालाच नाही. कारण रेमंडने बशी सोडली आणि झडप घालून डबा पकडला. अख्ख्या पंजाने. काडी पार्किनमध्ये, पार्किन जमिनीवर.

छोट्या गाड्यांची माणसं एकवेळ भूकंपात घर सोडून पळतील, पण पडणारा डबा पकडल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांच्या हातात ते भिनलेलं असतं. रेमंड हातातल्या डब्याकडे बघत होता. चाळीस-पन्नास माणसं रेमंडच्या हाताकडे बघत होती.

"ज्याचा हात दिसेल," ग्लेनिस खिडकीतून म्हणाली, "त्याचा मोजा. असंच आहे ना, रेमंड? तुझ्याच अक्षरात आहे, चहाच्या पिंपाच्या वर लावलंय."

"मी... मी डबा वाचवला!"

"वाचवलास हो," ती म्हणाली. "फार छान वाचवलास. त्याला गुलाबी रंग आवडतो, तुझ्या गुलाबी पडद्यांशेजारी ठेव. नाव नायजेल."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. पाद्रीबाबांनी स्वतः मोजा उचलून रेमंडच्या काखेत दिला. कुणी क्लेमची पाठ थोपटली. सहा वर्षांनी फळी मोकळी झाली होती.

क्लेम मात्र माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होता. "किती झाली?"

"सत्तावीस मिनिटं वीस सेकंद."

"थांबवू नकोस. अजून आठ नंबर राहिलीय."

"क्लेम, मोजा गेला. आता कशाची परीक्षा?"

"पण ट्रेने करून दाखवलं नाही ना!" तो जवळजवळ ओरडलाच. "रेमंडने हात घातला. माझी पट्टी थांबवणार होती त्याला. दोन मिलिमीटर! थांबवणार होती!"

कुणी ऐकलं नाही. लोक चहाकडे वळले होते.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. रेमंडच्या घरी मोजा पडद्यांशेजारी आहे आणि रेमंड क्लबमध्ये 'हात' या शब्दाची नवी व्याख्या मांडणार आहे, असं कळतं. शेगडीवरच्या मोकळ्या फळीवर ग्लेनिसने ब्रुसेल्सहून आलेलं एक कुरूप घड्याळ ठेवलंय. क्लेमने ते अजून पाहिलेलंच नाही. तो जेवणाच्या खोलीत असतो.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा तो वहीत रेघा ओढत होता. तीन नंबरवर तीच मालगाडी, शेवटी तोच गार्डचा डबा, मुद्दाम सुटा ठेवलेला. ट्रे खिडकीतून आत ढकलायचा, गचका द्यायचा आणि बघायचं. चाळीस वेळा झालं होतं. तेवीस वेळा डबा पट्टीला अडला. सतरा वेळा ग्लेनिसच्या बटाट्यांत पडला.

"गचक्यावर आहे सगळं," तो मला म्हणाला. "हलका असेल तर अडतो. जोरात असेल तर चढतो. पण त्या दिवशीचा गचका किती होता तेच कळत नाही. तो माझ्या बाजूने आला नव्हता. माझा हात स्थिर होता, तू बघितलंस."

"बघितलं."

पलीकडे ग्लेनिस कणीक मळत होती. ओट्यावर ट्रेसाठी सोडलेली एकवीस सेंटिमीटर जागा सोडून बाकी सगळीकडे पीठ. तिने मान वर केली नाही.

क्लेमने पेन्सिल ठेवली, खिडकीतून डोकं आत घातलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या रुग्णाला, दुखतंय कुठे, असं विचारावं तसा तो बोलला.

"ग्लेनिस, मी रागावणार नाही. मला फक्त आकडा हवाय. त्या दिवशी तू कंबर किती जोरात मारली होतीस?"